पहिल्या धारेची ऊब

दिवाळी अंकाच्या संपादकांना ऋतूंचे भान नसते. आपण भर मार्गशीर्षात कानटोपी चढवून बसलेले असतो आणि त्यांना पुढच्या आश्विनाची घाई झालेली असते. गेल्या थंडीत आमच्या संपादकांचा असाच फोन आला. "थंडीत घरी आलेल्या पाहुण्याला काय प्यायला द्यावे, यावर काही लिहाल का? जरा गरम, जरा सणासुदीचे. हल्ली लोकांना कॉकटेलची फार हौस आहे."

मी नाशिकचा. आमच्या घरी थंडीत पाहुण्याला मिळतो तो आल्याचा चहा. पाहुणा लाडका असेल तर मसाल्याचे दूध. त्यापलीकडे आमची मजल कधी गेली नाही. त्याला एक कारण होते. माझे धाकटे मामा या नादापायी चाळिशीच्या आत गेले आणि तेव्हापासून आईने 'दारू' हा शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. तेव्हा हा विषय माझ्या हातचा नव्हे हे मला कळत होते. पण नाही म्हणण्याचा स्वभाव नाही. जव्हारला माझे एक स्नेही असतात. तीस वर्षे आश्रमशाळेत शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. मोहाच्या मुलखात राहणाऱ्याला या बाबतीत काही ठाऊक असेल, अशा हिशेबाने मी त्यांना विचारले. त्यांचे उत्तर आले : "अवश्य या. मात्र कॉकटेलचे म्हणाल, तर इकडे मोहाच्या दारूत काही मिसळत नाहीत. ज्यांनी मिसळली ते फार दिवस जगले नाहीत."

एवढे वाचल्यावर न जाणे शक्यच नव्हते.

निघण्यापूर्वी चार पुस्तके चाळली, आणि एक गंमत हाती लागली. विलायतेत सर्दीपडशाला आणि थंडीला म्हणून 'हॉट टॉडी' घेतात. व्हिस्की, कढत पाणी, मध, लिंबाची चकती आणि दोन लवंगा. ही टॉडी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली ताडी. आपल्याकडच्या ताडाच्या रसाचे नाव साहेबांनी उचलले आणि पुढे स्कॉटलंडात ते या गरम पेयाला चिकटून बसले. नाताळात मोठ्या वाडग्यातून पाहुण्यांना पळीपळीने वाढतात त्या 'पंच'चीही तीच कथा. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस, म्हणून पंच, असे पुष्कळ कोशकार म्हणतात. काहींना ही व्युत्पत्ती पटत नाही. पण १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन प्रवासी सुरतेला उतरला होता, आणि तेथील इंग्रज वखारवाले दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर यांचे 'पालेपुंत्झ' पितात असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे साऱ्या जगाच्या थंडीतल्या पाहुणचाराची दोन नावे आपल्या मुलखातून गेली म्हणायची! मी खूष झालो. लेख अर्धा झाला, असे मला एस. टी.त बसताना वाटत होते.

त्र्यंबकेश्वर मागे पडले तेव्हा ब्रह्मगिरीने धुके गळ्यापर्यंत ओढून घेतले होते. पुढे रस्ता घाटाने उतरू लागतो, आणि नाशिकची द्राक्षे, बंगले, मंगल कार्यालयांच्या कमानी हे सगळे एकाएकी संपते. डोंगरउतारावर नागली-वरईची कापलेली शेते, भाताच्या खाचरांतून उरलेले खुंट, झाडावर रचून ठेवलेला पेंढा, आणि मधूनमधून एकेकटा उभा मोह. पावसाळ्यात येथे इतका पाऊस कोसळतो की डोंगर दिसत नाही. आणि चैत्र-वैशाखात याच वाटेवर बाया डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन चालताना दिसतात. मोखाड्याच्या थांब्यावर गाडी जरा वेळ उभी राहिली. खाली उतरलो तर वाऱ्याने कान झोंबले. समोरच एका ट्रकमध्ये बिऱ्हाडे चढत होती : गोधड्या, पातेली, कोंबड्या, आणि सगळ्यांत वर, कशावर तरी बसवलेली पोरे.

"कुठे निघाली मंडळी?" मी शेजारच्या इसमाला विचारले.

"जगायला," तो म्हणाला.

हा इकडचा रोजचा शब्द आहे. दिवाळी झाली, भात घरात आले, की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्याला 'जगायला जाणे' म्हणतात. भाषेत इतका सरळ शब्द मी फार क्वचित ऐकला आहे.

जव्हारला गुरुजी थांब्यावर आलेच होते. जव्हार हे एके काळचे संस्थान. मुकणे घराण्याचे राज्य येथे चौदाव्या शतकापासून नांदले आणि १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. मूळपुरुष जयबा याने बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, ती मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी वेढली तेवढी जमीन आपली केली, ही दंतकथा गुरुजींनी मला स्टेशनरीच्या दुकानापासून घरापर्यंतच्या वाटेत सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा दाखवला, काजूच्या झाडांतून वर आलेला, दगडी, रिकामा. शिरपामाळावरही नेले. १६६४ च्या जानेवारीत शिवाजीमहाराज सुरतेवर गेले तेव्हा येथे त्यांचा मुक्काम पडला आणि जव्हारच्या राजाने त्यांचा सत्कार केला, असे सांगतात. मांडेल्स्लोनंतर पंचवीसेक वर्षांनी महाराज त्याच सुरतेला निघाले होते. मी गुरुजींना माझी पंच-टॉडीची कथा ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "तुम्ही नावांचे सांगितलेत. आता माणसांकडे जाऊ."

माणसे मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर होती. पाड्याचे नाव मी देत नाही. का, ते पुढे वाचकांच्या ध्यानात येईलच. आडबाजूला उतरून दोनेक कोस चाललो. वाटेत एका मोहाखाली गुरुजी थांबले. झाड म्हणजे प्रचंड. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा.

"फाल्गुन-चैत्रात या," ते म्हणाले. "पाने झडलेली असतात, आणि रात्रभर फुले टपटपत असतात. पिवळसर पांढरी, मांसल, साखरेने भरलेली. पहाटे अंधारात बायका-पोरे टोपल्या घेऊन येतात. झाडाखाली आधी पाचोळा जाळून जागा स्वच्छ केलेली असते, म्हणजे फूल दिसते. उन्हे वर यायच्या आत वेचायची, वाळवायची, कणगीत भरायची. मोह म्हणजे यांची बँक हो! फुले उकडून खातात, भाकरीत घालतात, गुरांना देतात. पुढे बिया येतात, त्यांचे तेल काढतात. शेवटी दारू. आपण फक्त शेवटचे लक्षात ठेवतो."

मग त्यांनी जे सांगितले त्याने माझ्या अर्ध्या झालेल्या लेखावर पाणी पडले. १८७८ साली मुंबई सरकारने अबकारी कायदा केला आणि घरोघरची भट्टी गुन्हा ठरली. ठेके दिले गेले. ते बहुतेक पारशी दुकानदारांकडे गेले आणि दारू येऊ लागली ती उरणच्या मोठ्या भट्ट्यांवरून. तिच्यासाठी मोहाची फुले लांब पंचमहालातून आणीत. ताडी काढायची तर झाडामागे कर. एवढ्यानेही भागेना, कारण जंगलात मोह उभेच होते. म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर आणि वाहून नेण्यावर निर्बंध आले. जव्हार तेव्हा संस्थानात होते. पण मोखाडा हा शहापूर तालुक्यातला पेटा, म्हणजे इंग्रजी मुलूख. तेथे दुष्काळात पोराच्या तोंडात घालायला ठेवलेले पायलीभर फूलही चोरीचा माल ठरू शकत होते.

"लंडनला टॉडी पीत होते ना तुमचे साहेब, तेव्हाची ही गोष्ट," गुरुजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तीस वर्षे फळ्यावर लिहिल्यासारखे ते बोलत.

पाड्यावर पोचलो तो दिवस मावळला होता. कुडाची घरे, शेणाने सारवलेली अंगणे, आणि चुलींचा धूर जमिनीलगत तरंगत होता. ज्या घरी गेलो ते वारल्यांचे. घरात एक आजी, सून आणि नाशिकला नोकरी करणारा एक नातू. तो रजेवर आला होता. आजीने मला पहिल्याच वाक्यात "तू" म्हटले : "ये, बस. लांबून आलास?" या भागात थोरामोठ्यांनाही असेच बोलतात. त्यात उणेपणा नसतो. नाशिकात मला तूम्हणणारे आता कोणी उरले नाही. ऐकून फार बरे वाटले.

सुनेने चुलीपुढे गोधडी टाकली. आधी आला तो कोरा चहा : गूळ, गवती चहाची पात आणि ठेचलेले आले. काचेचा पेला दोन्ही हातांत धरून बसलो. मग गुरुजींनीच विषय काढला. "आजी, हे पाहुणे थंडीत काय पितात ते लिहायला आलेत."

आजी हसली. तिने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पोलीस नाय ना हा?"

गुरुजींनी ग्वाही दिली. तेव्हा ती सांगू लागली. तिची भाषा मला जशीच्या तशी उतरवता येणार नाही. गुरुजी मधूनमधून समजावीत होते. वाळलेली फुले मडक्यात भिजत घालायची. उन्हाळ्यात ती चार-पाच दिवसांत आंबतात. थंडीत आठ-आठ दिवस लागतात, मग मडके चुलीजवळ सरकवायचे, गोधडी पांघरायची. "तान्ह्या पोरासारखं." मडक्याला कान लावला की आतून आवाज येतो. आवाज थांबला की तयार. मग चुलीवर मडके, वाफ जाण्याची वाट, आणि वाफ निववायला गार पाणी. पाणी कोमट झाले की बदलायचे. सगळे कसब तेवढ्यात आहे. प्रथम जी येते ती पहिली धार. थोडी निखाऱ्यावर टाकली तर निळी ज्योत उठते. ती गरम असते, चुलीवरची. पानाच्या द्रोणात घ्यायची. आणि तोंडाला लावायच्या आधी चार थेंब जमिनीवर : देवांना, आणि गेलेल्या माणसांना.

"लग्नात लागते," गुरुजींनी भर घातली. "सोयरीक ठरली ती दारू प्याल्यावरच ठरली म्हणायची. वाघबारशीला वाघदेवाला लागते. नव्या पिकाला, कणसरीला लागते. पितरांना लागते. आपल्याकडे पानसुपारी आणि तीर्थ यांचे जे काम, ते येथे हिचे."

मला वाटले, हाच माझा लेख. थंडी, चूल, द्रोण, पूर्वजांना चार थेंब. खिशातून वही काढली आणि विचारले, "मग आजी, या थंडीत काढलीत की नाही?"

कोणी काही बोलले नाही. सून उठून आत गेली. आजीने चुलीतले लाकूड पुढे सरकवले.

"मी नाय काढत आता," ती म्हणाली.

तिचा मुलगा, म्हणजे या नातवाचा बाप, दारूने गेला. घरची मोहाची पीत होता तोवर कामाला जात होता, नाचत होता. पुढे भट्टीवर मजुरीला गेला तेव्हा तिकडची प्यायला लागला. गुळाची, नवसागर घातलेली, नाक्यावर फुग्यात मिळणारी. तीत आणखी काय काय घालतात ते देव जाणे. पोट फुगले, डोळे पिवळे झाले. तालुक्याच्या दवाखान्यात नेले, तेथून पुढे नेले. आणले ते तसेच आणले.

"माझ्या हातची पिऊन कोणी मेला नाय," आजी म्हणाली. थोडा वेळ गेला. "पण पहिली मीच पाजली त्याला. नाचाला चालला होता. बारीक होता, एवढा. थंडी होती म्हणून पाजली."

माझी वही मी केव्हा मिटली ते मला आठवत नाही. मामांना पहिला पेला कोणी दिला असेल, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कधी सुचला नव्हता. कोणीतरी आपुलकीनेच दिला असणार.

आणि ऊब म्हणावी तर तीही खरी नसते. डॉक्टर लोक सांगतात की दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम झाल्याचा भास होतो, आणि आतली ऊब मात्र बाहेर निघून जाते. थंडीत उघड्यावर प्यालेला माणूस न प्यालेल्या माणसाहून लवकर गारठतो. टॉडी प्या, पंच प्या, मोहाची प्या, हा नियम एकच.

थोड्या वेळाने आजीने फडताळातून एक डबा काढला. त्यात वाळलेली फुले होती, तपकिरी, मनुकांसारखी चिकट. मूठभर घेऊन तिने झटकली, आतले केसर-कचरा वेचून टाकला आणि तव्यावर खरपूस भाजली. मग तांब्याभर पाण्यात ती उकळत ठेवली. सुंठेचा तुकडा ठेचून घातला. पाणी निम्म्याला आले तेव्हा गाळून दिले. गूळ नाही, साखर नाही, फुलांचीच गोडी. चव कशी सांगू? भाजलेल्या मनुका, जरासा धूर, आणि शेवटी पावसात भिजलेल्या गवताचा वास. कपाळाला घाम आला. यात नशा कसली नाही, कारण आंबवणेच नाही. संपादकांनी विचारलेल्या पाहुणचाराची कृती मला जर कोठे मिळाली असेल तर ती एवढीच, आणि ती मी येथे पूर्ण दिली आहे. भगिनींनी करून पाहायला हरकत नाही. मात्र फुले ताज्या वर्षाची हवीत, जुनी कडवटतात.

रात्री अंगणात तारपा वाजला. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. वाजवणारा श्वास सोडता सोडताच आत घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. पोरे-पोरी एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरू लागली. वारली चित्रांत आपण तो गोल पाहतो आणि ती नक्षी समजतो. प्रत्यक्षात ती थंडीत ऊब राखण्याची फार हुशार रीत आहे. माणसे सुमारे तीस असतील. गुरुजी म्हणाले, पूर्वी शंभर असत. बाकीचे जगायला गेले आहेत. कोणाच्या हाती द्रोण होते, नाही असे नाही. दोघेतिघे झिंगलेलेही होते. मी पाहिले आणि पाहिले नाही.

नाच पाहता पाहता गुरुजींनी देवीची हकिकत सांगितली. १९२२ साली किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून एक वारे उठले, पालघरकडून जव्हार, धरमपूर, सुरगाणा, डांग असे डोंगरातून सरकत गेले. माणसांच्या अंगात देवी येई आणि सांगे : दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराच्या दारी जाऊ नका. हजारो आदिवासींनी ऐकले. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराने त्यावर १९८७ साली अख्खा ग्रंथ लिहिला आहे. सरकारची दारूबंदी येथे आली ती १९५० साली. तिच्या अठ्ठावीस वर्षे आधी लोकांनी स्वतःच ठेकेदाराकडे पाठ फिरवली होती. "टिकले का?" मी विचारले. "बऱ्याच ठिकाणी नाही टिकले," गुरुजी म्हणाले. "पण दारू सोडायची ती आपली आपण सोडायची, हे त्यांना ठाऊक होते. ही आजी बघा. तिला कोणत्या कायद्याने सांगितले?"

नाच रेंगाळला तसे आम्ही पुन्हा चुलीपाशी आलो. नातू आतापर्यंत गप्प होता. तो नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात वाढपी आहे; नीटस, केस मागे वळवलेले. त्याने आपला मोबाइल काढला आणि आजीपुढे धरला. चित्रात एक उंच, निमुळता पेला होता, वर लिंबाची साल, आणि साली शेजारी एक मोहाचे फूल तरंगत ठेवलेले.

"हे काय?" आजीने विचारले.

"मोहाची. आमच्याकडे मिळते. आल्याचा रस, लिंबू, मध घालून देतात. थंडीत गरम पण देतात."

त्याचे म्हणणे खरे आहे. २०१८ साली गोव्यात 'डेसमंडजी' या नावाने मोहाची दारू रीतसर बाटलीत भरून विकायला आली. पुढे खुद्द आपल्या पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने 'सिक्स ब्रदर्स महुरा' काढली. मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' असे भारदस्त नाव दिले. महाराष्ट्रानेही २०२१ साली आदिवासींवरचे मोहाची फुले वेचण्याचे व साठवण्याचे निर्बंध उठवले. एकशे एकोणतीस वर्षांनी फूल सुटले. घरची भट्टी मात्र अजून गुन्ह्यातच आहे. मुंबईच्या उंची हॉटेलांतून आता मोहाची कॉकटेले मिळतात. म्हणजे संपादकांना हवे होते ते सगळे त्या मोबाइलच्या चित्रात होते : गरम, सणासुदीचे, शिवाय आपल्या मातीतले.

"केवढ्याला?" आजीने विचारले.

"एका पेल्यात तुझा आठवड्याचा बाजार होईल."

आजीने चित्र पुन्हा जवळ घेतले. फुलावर बोट ठेवून पाहिले. बोटाने चित्र सरकले, तसे नातवाने ते पुन्हा जागेवर आणले.

"आणि पोलीस नाय धरत त्यांना?"

नातू हसला. मग त्याचे हसणे थांबले. "नाय आजी. त्यांचं लायसन असतं."

"बरं," आजी म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, "चार थेंब टाकतात का खाली?"

यावर नातवाने मान हलवली, पण हो की नाही ते चुलीच्या उजेडात मला नीट दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आजीने डब्यातली फुले कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकली. मी पैसे देऊ केले तर गुरुजींनी डोळ्यांनी दटावले. उघड्या माळावरून मोखाड्याला आलो तेव्हा गवतावर दहिवर होते आणि तोंडातून वाफा निघत होत्या. थांब्यावर पुन्हा एक ट्रक भरत होता. त्यात एका बाजूला पाय दुमडून, अंगावर चादर घेऊन, कालचा तारपावाला बसला होता. मला ओळखून त्याने हात वर केला.

"तारपा कुठे?" मी खालून विचारले.

"घरीच. आढ्याला टांगला," तो म्हणाला. "भट्टीवर कोण नाचतं?"

आमची गाडी आली. खिडकीजवळची जागा मिळाली. घाट चढू लागलो तसे उन्ह आत आले, पिशवी तापली आणि गाडीत तो वास पसरला. कंडक्टर तिकिटे देत माझ्यापर्यंत आला, थांबला, आणि नाक वर करून म्हणाला, "मोह काय हो?"

मी म्हटले, "फुलेच आहेत नुसती."

"असू द्या," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला तिकीट देऊ लागला.